बिलाच्या तळाशी

आमच्या घरात दोन पगार येतात. एक माझा. तो बँकेत जमा होतो आणि माझी त्याची गाठ पडायच्या आत हप्त्यांबरोबर निघून जातो. दुसरा बायकोचा. तो सुपरमार्केटच्या बिलाच्या तळाशी छापून येतो : 'आज आपली बचत रु. ६१२.' माझा पगार वाढायचा तर साहेबांची मर्जी, कंपनीचा नफा आणि माझी पत्रिका असा तिहेरी योग जुळावा लागतो. हिचा पगार वाढवणं सर्वस्वी हिच्याच हातात आहे. जितकं जास्त घ्याल तितकी बचत जास्त. साडेचार हजारांच्या सामानावर सहाशे वाचतात, नऊ हजारांच्या सामानावर बाराशे.

"म्हणजे अख्खं दुकान उचललं तर आपण कोट्यधीश," मी म्हणालो.

"तुम्हाला हिशेबातलं काही कळत नाही," ती म्हणाली.

मी अकाउंट्समध्ये नोकरीला आहे.

या बचतीची गंमत अशी, की ती द्रौपदीच्या थाळीसारखी आहे; कितीही वाढून घ्या, संपत नाही. बाराशे वाचले म्हणून बसऐवजी रिक्षा होते. बाराशे वाचलेच आहेत तर आता घरी जाऊन कुठे कुकर लावायचा, म्हणून डोसा होतो. एवढं सामान ठेवायला डबे नकोत का, म्हणून डबे होतात. आणि डब्यांवरही बचत असल्यामुळे मूळ रक्कम घटण्याऐवजी वाढते. पुढे मेव्हणीच्या मुलाच्या वाढदिवसाला पाकिटात काय घालायचं असा प्रश्न निघाला, की उत्तर तयार असतं, "ते बाराशे आहेत की!" ते नेमके कुठे आहेत हे मी विचारत नाही. विचारलं तर ती बिल दाखवते.

हे फक्त आमच्याच घरात आहे असं नाही. वरच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. पूर्वी जिन्यात भेटले की "काय, कसं काय?" असं विचारायचे. आता माझ्या हातातल्या पिशव्यांकडे बघतात आणि विचारतात, "किती सुटले?"

"सातशे चाळीस."

"आम्हाला अकराशे." काका एक पायरी वर चढून उभे राहतात. "अर्थात आम्ही दार उघडायच्या आधीच जाऊन उभे होतो. तुम्ही कधी गेलात?"

"साडेदहा झाले."

"मग सातशे चाळीस बरेच म्हणायचे."

काकांचं गणित बँकेचं आहे. मुदत ठेवीवर वर्षभर वाट बघायची, तेव्हा कुठे सात टक्के हातात पडणार, आणि त्यावर पुन्हा कर. तूरडाळीवर दुकान उभ्याउभ्या पंधरा टक्के देतं आणि डाळीवर टीडीएस कापत नाहीत. त्यामुळे काकांनी निवृत्तीची पुंजी हळूहळू डाळीत वळवायला घेतली आहे. घरात माणसं दोन. काकूंना पित्ताचा त्रास, त्यांना तूरडाळ वर्ज्य. "पण मग एवढी डाळ खाणार कोण?" असं मी एकदा भीत भीत विचारलं. काकांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "ठेव मुदतीआधी मोडायची नसते," ते म्हणाले.

आमच्या आईच्या वेळी हे इतकं शास्त्रशुद्ध नव्हतं. महिन्याची यादी वाण्याकडे जायची. वर 'श्री', खाली 'तांदूळ १० किलो', आणि संध्याकाळी वाण्याचा पोऱ्या सायकलवरून सामान आणून टाकायचा. बचत करायची म्हणजे यादी घराबाहेर पडण्यापूर्वी वडिलांनी शेवटचं 'काजू ५० ग्रॅम' पेनने खोडायचं. पाच सेकंदांत महिन्याची बचत पुरी. मग आई ग्राहक पंचायतीत गेली. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ सालची. आसपासच्या घरांनी मिळून संघ करायचा, आधी मागणीपत्रक भरायचं, मग माल कुणाच्या तरी घरी येऊन पडायचा आणि तिथे तो ज्याचा त्याला वाटायचा. पाळी आमची असली की बाहेरच्या खोलीत पोती आणि तागडी यायची आणि मला अभ्यासाला जागा उरायची नाही, त्यामुळे लहानपणी माझा ग्राहक चळवळीला बिनशर्त पाठिंबा होता. त्या पद्धतीत पैसे खरोखर वाचायचे, पण एक मोठी गैरसोय होती : कागदावर न लिहिलेली वस्तू मिळायचीच नाही. 'जाता जाता दिसलं म्हणून घेतलं' हा आनंद त्या थोर मंडळींना सुचलाच नाही. त्याच्याही आधी, १९४८ साली, नायगावच्या कामगारांनी अपना बाजार काढला. तिथेही म्हणे माणूस साखर आणायला जायचा आणि साखर घेऊन परत यायचा.

मग काळ बदलला. २००२ साली शेअर बाजारातले मुरलेले गुंतवणूकदार राधाकिशन दमाणी यांनी पवईला डीमार्टचं पहिलं दुकान काढलं. २००६ साली बिग बझारने २६ जानेवारीला 'सबसे सस्ता दिन' साजरा केला, तर लोक इतके लोटले की काही ठिकाणी शटर ओढावं लागलं. प्रजेची सत्ता म्हणतात ती हीच. २०१७ साली डीमार्टच्या कंपनीचा शेअर २९९ रुपयांना विक्रीला निघाला आणि बाजारात आल्या दिवशीच सहाशेच्या वर गेला. शहाण्या लोकांनी तो घेतला. आम्ही त्या आठवड्यात रवा घेतला होता. किलोमागे चार रुपये सुटले होते.

आता आमच्या डोंबिवलीत निरनिराळ्या कंपन्यांची अशी मोठी दुकानं झाली आहेत. त्यांतल्या कुठल्या दुकानात आम्ही जातो ते मी सांगणार नाही. आधीच तिथे स्कूटर लावायला जागा मिळत नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आमची मोहीम निघते. निघताना एक गोष्ट ठरलेली असते : दाराच्या मागे खिळ्याला लावलेल्या कापडी पिशव्या तिथेच विसरायच्या. २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून आम्ही दर खेपेला काउंटरवर नवी कापडी पिशवी विकत घेत आलो आहोत. एका कुटुंबाने पर्यावरणासाठी याहून जास्त काय करायचं? घरात एक पिशव्यांची पिशवी होती, तिची आता गोणी झाली आहे. क्वचित कधी पिशवी बरोबर नेलीच, तर दारातला सुरक्षारक्षक तिचं तोंड प्लास्टिकच्या पट्टीने आवळून टाकतो.

"अहो, रिकामी आहे ती."

"रिकामीच बांधतो साहेब आम्ही. भरलेली बांधून काय उपयोग?"

यावर काय बोलणार?

आत गेल्यावर माझ्या हातात ट्रॉली येते. ट्रॉली ही वस्तू अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदाराने १९३७ साली काढली. हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं, हे त्याच्या लक्षात आलं, म्हणून त्याने टोपल्यांना चाकं लावली. पण लोक ट्रॉलीला हात लावेनात. पुरुषांना त्यात आपल्या मनगटाचा अपमान वाटला, बायकांनी मुलांची बाबागाडी घरी पुष्कळ ढकलली होती. तेव्हा गोल्डमनने पगारी माणसं नेमली आणि त्यांना नुसती ट्रॉली ढकलत दुकानभर फिरायला लावलं. मी त्याच खात्यात आहे, फक्त बिनपगारी. मी ढकलतो, ती भरते. दुकानात शेकडो ट्रॉल्या असतात; त्यांतली एकाच चाकाला वैराग्य आलेली ट्रॉली नेमकी माझ्याकडे येते. ती सरळ जात नाही. तिला डावीकडे जायचं असतं, आणि डावीकडे काचेच्या बरण्या असतात.

कडधान्यांच्या पुढे, कपडे धुण्याच्या पावडरींच्या रांगेत जरा मोकळी जागा आहे. तिथे माझ्यासारखे आणखी चारपाच नवरे आपापल्या ट्रॉल्या धरून उभे असतात. कुणी कुणाचं नाव विचारत नाही.

"तुमचं कुठवर आलं?"

"मसाले चाललेत."

"नशीबवान आहात. आमचं अजून डाळीच."

"वरचा मजला झाला का?"

'वरचा मजला' म्हटलं की सगळे गप्प होतात. वरच्या मजल्यावर बादल्या, चादरी, पायपुसणी आणि स्टीलची भांडी असतात. किराण्याला म्हणून आलेला माणूस तिकडे गेला की घरी दोन बादल्या घेऊन येतो, आणि "जुनी फुटली होती का?" असं कुणी विचारलं तर "फुटणारच आहे" असं उत्तर मिळतं.

'लागणारच आहे' हे या सगळ्या व्यवहाराचं ब्रह्मवाक्य.

"हे कशाला?"

"लागणारच आहे."

याला प्रतिवाद नाही. माणूस जिवंत राहिला तर त्याला फिनाईल लागणारच आहे. एकदा बाथरूम घासायच्या ब्रशवर ब्रश फुकट होता. आमच्याकडे बाथरूम एक आणि ते घासणारा मी एक.

"दुसरा कुणाला?"

"पाहुण्यांना."

आलेल्या पाहुण्याच्या हातात ब्रश देण्याची पद्धत आमच्याकडे नाही, पण आता सोय आहे.

भाव बघण्याचं काम माझ्याकडे असतं, कारण कुठल्याही वस्तूचा भाव बघण्यासाठी चष्मा लागतो आणि हिचा चष्मा घरी असतो. अलीकडे पाकिटावर दर ग्रॅमचा किंवा दर मिलिलिटरचा भाव छापावा लागतो. नियम गिऱ्हाइकासाठी केला आहे, अक्षरं मुंगीसाठी केली आहेत. पूर्वी बऱ्याच वस्तू ठरावीक वजनाच्या पाकिटातच विकाव्या लागत. शंभर ग्रॅम, दोनशे ग्रॅम, आपल्यालाही झेपायचं. ते बंधन गेलं. आता एक पुडा ४१५ ग्रॅमचा, शेजारचा ३७५ ग्रॅमचा, वर '२० टक्के जादा'. कशापेक्षा जादा ते तो पुडा सांगत नाही. मी मोबाइलवर भागाकार करत उभा राहतो. मागून आवाज येतो, "काका, तुमचं झालं की सांगा, आम्हाला पोहे घ्यायचेत." भागाकार पुन्हा पहिल्यापासून. शेवटी उत्तर येतं की लाल पुडा निळ्या पुड्यापेक्षा ग्रॅममागे दोन पैशांनी स्वस्त आहे. मी लाल पुडा विजयाने ट्रॉलीत टाकतो. ती तो काढून निळा ठेवते. "लाल मुलांना आवडत नाही."

मोठं पाकीट स्वस्त पडतं ही आपली पिढीजात समजूत. शाम्पूने ती धुऊन काढली. बाटलीचा दर मिलिलिटरचा भाव काढला आणि पुडीचा काढला, तर दोन रुपयांची पुडी बाटलीपेक्षा स्वस्त निघाली! त्या शोधानंतर आमच्या न्हाणीघरात खिडकीच्या गजाला पुड्यांची माळ लटकते. अंग भिजल्यावर, डोळे मिटून, ओल्या बोटांनी पुडी फाटत नाही. ती दाताने फाडावी लागते. आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना शाम्पूची चव माहीत आहे. धाकटा तर डोळे मिटून कंपनी ओळखतो.

सुट्या धान्याचा विभाग हा मात्र खास रसिकांचा. तिथे उघड्या पेट्यांमध्ये डाळी, पोहे, शेंगदाणे भरलेले असतात, मोठ्या चमच्यांनी आपल्याआपण पिशवीत भरून घ्यायचे. अमेरिकेत मेम्फिसला क्लॅरेन्स सॉन्डर्सने १९१६ साली गिऱ्हाइकाला काउंटरच्या आत सोडलं आणि दुकानातल्या पोऱ्याचं काम गिऱ्हाइकाकडूनच करून घेतलं, त्या पद्धतीचा हा कळस. पण सॉन्डर्सने डोंबिवलीच्या बायका बघितल्या नव्हत्या. इथे शेंगदाणे निवडून घेतात. एकेक. एक आजी प्रत्येक पेटीतला दाणा तोंडात टाकून पारख करत चालल्या होत्या. शेंगदाणे, फुटाणे, मनुका, काजूतुकडा. ओवा आणि बडीशेपेपर्यंत पोचेस्तोवर त्यांचं व्यवस्थित जेवण झालेलं होतं. त्यांनी काहीही घेतलं नाही. त्या दिवशी त्या दुकानात सर्वांत जास्त बचत कुणी केली असेल, तर त्या आजींनी. पण त्यांच्याकडे बिल नाही, त्यामुळे नोंद झाली नाही.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये दोन टूथपेस्टवर एक फुकट अशी योजना होती. वर्षाची बेगमी होईल म्हणून आम्ही कपाटाचा एक कप्पा भरून टूथपेस्ट आणल्या. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी उतरला. टूथपेस्ट, साबण, शाम्पू, केसांचं तेल, सगळं १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. टीव्हीवर निवेदिका अत्यंत आनंदाने ही बातमी सांगत होती. आमच्या घरात कुणीच काही बोललं नाही. ही उठली, कपाट उघडलं, कप्प्याकडे पाहिलं आणि कपाट लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी काकांचा सल्ला घेतला. काका म्हणाले, "घाबरायचं नाही. पडत्या भावात आणखी घ्यायची. म्हणजे सरासरी खाली येते."

आम्ही सरासरी खाली आणली. आता कप्पे दोन आहेत. जुना साठा लवकर हलावा म्हणून घरात दुपारच्या जेवणानंतरही दात घासायचा ठराव झाला आहे. मुलांच्या हास्यात इतकं तेज आलंय की शाळेतल्या बाईंनी काही विशेष करता का म्हणून विचारलं.

या सगळ्यातून माणूस जगून वाचून बिलाच्या रांगेपर्यंत येतो. रांग निवडताना मी पुढच्यांच्या ट्रॉल्या मोजतो, त्यातला माल जोखतो, कॅशियरच्या हाताचा वेग बघतो आणि सर्व बाजूंनी विचार करून एक रांग धरतो. तेवढ्यात त्या रांगेतला कागदाचा रोल संपतो. रोल बदलला की पुढच्या बाईंच्या चादरीवर पट्टीच सापडत नाही. एक मुलगा चादर घेऊन भावाच्या शोधात वरच्या मजल्यावर जातो, तो तिकडचाच होतो. मग त्याच बाई म्हणतात, "एकच मिनिट हं, कोथिंबीर राहिली," आणि ट्रॉली तिथेच सोडून निघून जातात. माणूस नसलेल्या ट्रॉलीला ओलांडून पुढे जावं की नाही याबद्दल आपल्या संस्कृतीत स्पष्ट मार्गदर्शन नाही. आम्ही सगळे त्या ट्रॉलीच्या मागे अदबीने उभे राहतो.

मागच्या महिन्यात अशाच रांगेत उभा असताना शेजारच्या रांगेतून ओळखीचा आवाज आला. बघतो तर आमचा कोपऱ्यावरचा वाणी! ज्याच्याकडे आम्ही महिन्याकाठी काडेपेटी आणि तातडीचं कोथिंबीर-लिंबू एवढंच घेतो आणि ज्याच्या दुकानासमोरून दोन्ही हातांत दुसरीकडच्या पिशव्या घेऊन जाताना मी नेहमी मोबाइलवर बोलतो, तो. त्याच्यापुढे काठोकाठ भरलेली ट्रॉली. पलीकडच्या रांगेत त्याची बायको, तिच्यापुढे तशीच ट्रॉली. त्याच्या पलीकडे मुलगा. अगदी टोकाला सून.

"शेठ, तुम्ही इथे?"

"घरचं सामान हो, साहेब." शेठच्या ट्रॉलीत बिस्किटांचा सबंध खोका होता आणि साबणाच्या वड्यांची भिंत होती. घरात फार स्वच्छ आणि भुकेली माणसं असावीत.

मग शेठ जरा जवळ सरकले. "साहेब, तुमच्या बिलावर तेल लागलंय का?"

"नाही बुवा. का?"

शेठने वर टांगलेल्या पाटीकडे बोट दाखवलं. तेलावर त्या दिवशी घसघशीत सूट होती, पण एका बिलावर तीनच पिशव्या. "आमची चारही माणसं लागली, तरी कमीच पडतंय. तीन पिशव्या तुमच्यात घ्या. पैसे हे घ्या, सुटे आहेत."

मी तत्त्वाचा माणूस आहे. मी म्हणणार होतो की, शेठ, ही सूट सामान्य गिऱ्हाइकासाठी आहे, व्यापाऱ्यासाठी नाही. पण हिच्या डोक्यात तोवर वेगळाच हिशेब पुरा झाला होता. तेलाचे पैसे शेठचे. पण तेल आमच्या बिलावर, म्हणजे त्याच्यावरची सूट आमच्या तळाशी!

"तीनच का, शेठ? आणखी काही नाही का?" ती म्हणाली.

शेठचा चेहरा उजळला. तीन पिशव्या तेल, पाच किलो साखर आणि तुपाचे दोन डबे आमच्या ट्रॉलीत आले. कंपनीत कुणी दुसऱ्याची बचत स्वतःच्या खात्यावर दाखवली तर आम्ही ऑडिटरला बोलावतो. इथे कॅशियरने मोबाइल नंबर विचारला, हिने तो सबंध रांगेला ऐकू जाईल असा सांगितला, आणि यंत्राने कुरकुरत बिल बाहेर टाकलं : आज आपली बचत रु. १,४३८. हिने ते दोनदा वाचलं. हिच्या माहेरी मुलगा झाल्याची बातमी आली होती तेव्हासुद्धा मी हिला इतकी हललेली पाहिली नव्हती.

बाहेरच्या दाराशी एकजण बिल आणि ट्रॉली ताडून बघतो. नऊ हजारांच्या मालावरून तो एवढी झरझर नजर फिरवतो आणि बिलाला असं सुबक भोक पाडतो, की याला आमच्या कंपनीत घ्यावं असं मला नेहमी वाटतं. त्याच्या पुढे चार पावलांवर कुल्फी, वाफवलेला मका आणि भेळ. तिथे कशावरही सूट नसते आणि कुणी दर ग्रॅमचा भाव विचारत नाही. आत दोन पैशांसाठी भागाकार करणारा बाप बाहेर साठ रुपयांचा मका चार पेल्यांत सांगतो आणि उरलेले सुटे तिथेच ठेवा म्हणतो. शेठचं कुटुंब मात्र थांबलं नाही. त्यांनी आमच्याकडून आपलं तेल, साखर, तूप मोजून घेतलं, टेम्पोत चढवलं आणि निघून गेले. व्यापारी माणसं.

जिन्यात काका होतेच.

"किती सुटले?"

"चौदाशे अडतीस," ही म्हणाली. माझ्या आधी.

काका बराच वेळ कठडा धरून उभे राहिले. "कशात?"

"सगळ्यातच थोडं थोडं," ती म्हणाली आणि दोन पायऱ्या वर चढली. त्या रात्री वरच्या मजल्यावर उशिरापर्यंत दिवा होता. डब्यांची झाकणं उघडल्याचे आवाज येत होते.

सामान लावायला संध्याकाळ गेली. आमच्या भागात जागेचा चौरस फुटाचा भाव काय आहे ते तुम्हाला माहीत असेल. त्या भावाने तांदळाच्या पोत्याखालची जमीन पोत्याच्या कितीतरी पट महाग पडते, असं मी हिशेब करून दाखवणार होतो, पण मला ज्या खुर्चीत बसून हिशेब करायचा होता त्या खुर्चीवर कपडे धुण्याची पावडर होती. दिवाणाखाली साखर आणि गूळ आहेत. रव्याने शिडीवरची जागा घेतली आहे. सासूबाई आल्या तर त्यांना झोपायला जागा करावी म्हणून आधी कडधान्य खायचं ठरलं. आठवडाभर उसळी झाल्या. सासूबाई आल्याच नाहीत. त्यांच्याकडेही म्हणे जागा करायचं काम चालू आहे.

खरेदीच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी, स्वयंपाकघरातून हाक आली होती. "अहो, तेल संपलंय."

"काल विचारलं तेव्हा घरात आहे असं वाटलं होतं."

"मला विचारलंत? मी बचत बघत होते."

गेलो कोपऱ्यावर. शेठनी मला बघताच गल्ल्यावरून हात काढून मागच्या फळीवरची तेलाची पिशवी उचलली आणि पुढ्यात ठेवली. पिशवीच्या कोपऱ्यावर कुणीतरी हळदीचं बोट पुसलेलं होतं. ते बोट मला ओळखीचं वाटलं. काल ट्रॉलीत आमच्या सुट्या हळदीची पुडी फाटली होती.

"तुमच्याच बिलावरची आहे, साहेब," शेठ अभिमानाने म्हणाले. "छापील एकशे पंच्याऐंशी. तुम्हाला म्हणून एकशे त्र्याऐंशी."

मी पैसे दिले. शेठनी गल्ल्याखालची लाल वही काढली. आमच्या लहानपणी या वहीत नाव चढणं म्हणजे उधारी झाली म्हणून वडील चार दिवस दुसऱ्या गल्लीने जायचे. शेठनी बोटाला थुंकी लावून कोरं पान काढलं, वर 'पुढचा रविवार' लिहिलं, खाली माझं नाव लिहिलं आणि समोर 'साखर, तूप, ७ नंबर काउंटर' असं लिहिलं.

"वहिनींना वेगळं बिल करायला सांगा. मुलगा मोठा आहे ना तुमचा? त्याचंही एक होईल. आणि ते वरचे काका आहेत, ते डाळीचं बघतात म्हणे?"

"विचारून सांगतो."

"विचारा. आणि साहेब," मी पायरी उतरलो तसं शेठनी मागून हाक मारली, "येताना पिशवी घरनं आणा. तिथे पिशवीचे बारा रुपये घेतात."